ॲडमिशन घेण्याआधी कॉलेज बघून यावं का? (मुलीसाठी विचारतोय)

टिप्परवाला, १४ मे, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, होंड्याचा. मुलगी बारावी सायन्स पास झाली. टक्के बरे आहेत, पेढे वाटले, पण गावभर नाही. तिला जिऑलॉजी घेऊन बी.एस्सी. करायचं आहे. घरात यावर एक महाभारत आधीच होऊन गेलंय. माझे लोखंडाच्या खाणीवर माल वाहणारे दोन टिप्पर (ट्रक) होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, मग २०१८ साली सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि एक टिप्पर अंगणात उभ्या उभ्या गंजला. त्यामुळे पोरीने दगडांचंच शिकणार म्हटल्यावर तिची आई म्हणाली, "दगडांनी आपलं केलं तेवढं पुरे नाही झालं?" पण पोर ऐकत नाही. माझ्यावर गेलीय.

दोन कॉलेजं डोळ्यासमोर आहेत. नावं देत नाही, उगाच इथे भांडणं नकोत. एक पणजीकडचं, एक मडगावकडचं. वेबसाइट दोन्ही बघितल्या. दोन्हीकडे तीच हिरवळ, तीच हसणारी मुलं, तोच प्रिन्सिपलचा संदेश. फरक काहीच कळला नाही.

मी स्वतः दहावी. कॉलेजच्या ऑफिसात गेलो की जीभ टाळ्याला चिकटते. जाऊन बघण्यात अर्थ आहे का, आणि गेलो तर नक्की काय बघायचं आणि कोणाला विचारायचं?

दर्यावर्दी, १४ मे, रात्री १०.४०

काका, भिंती बघून काय करणार? युनिव्हर्सिटी एकच, डिग्री एकच. घराजवळचं घ्या आणि मोकळे व्हा. मी माझं कॉलेज पहिल्यांदा पहिल्या दिवशीच बघितलं. काही बिघडलं नाही.

चोडणकर, १४ मे, रात्री ११.०५

@दर्यावर्दी, तुझं बिघडलं नाही कारण तू पणजीत राहतोस. मी चोडण्याचा. कॉलेज बघायला आम्ही एप्रिलमध्ये रविवारी सकाळी अकराला गेलो होतो. फेरीबोट रिकामी, वारा मस्त, बाबा म्हणाले अर्ध्या तासाचं काम. जूनमध्ये सोमवारी साडेसातला रायबंदरच्या फेरीला गाड्यांची ही रांग आणि वरून धो धो पाऊस. पहिल्या सेमिस्टरची निम्मी प्रॅक्टिकल मी उशिरा पोचलो. भिजलेला जर्नल दाखवला की सर म्हणायचे, "आला बाबा चोडण्याचा दर्यासारंग."

काका, कॉलेज बघा न बघा, पण तिथे जायचा रस्ता मात्र कामाच्या दिवशी, मुलीला जी बस धरावी लागेल त्याच बसने जाऊन बघा. गाडीने जाऊ नका. गाडीने गेलात तर गाडीचा रस्ता कळेल, बसचा नाही.

रानभाजी, १५ मे, सकाळी ७.३०

चोडणकरांना अनुमोदन. माझा अनुभव वेगळा आहे, तोही सांगते.

मुलाच्या इंजिनिअरिंगच्या वेळी आम्ही तीन-चार ठिकाणं बघितली. फर्मागुडीच्या पठारावर गेलो तेव्हा गंमत वाटली होती. १९६७ पासूनचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज तिथेच. आयआयटी २०१६ ला सुरू झाली तीही तिथेच, पाहुणी म्हणून. एनआयटी तर २०१० पासून तिथेच होती, आता ती कुंकळ्ळीला स्वतःच्या घरी गेली. एका पठारावर एवढी कुटुंबं म्हटल्यावर पोरगा म्हणाला, "आई, हे कॉलेज आहे की एकत्र कुटुंब?" गोपाळ गणपतीला नमस्कार करून खाली आलो.

पण सांगायचं ते दुसऱ्याच एका कॉलेजबद्दल, नाव घेत नाही. त्यांनी पालकांसाठी खास दिवस ठेवला होता. फुगे, रांगोळी, सरबत. लॅब दाखवली, चकाचक. मशिनांवर स्वच्छ निळी कापडं घातलेली. मी भाबडी, मला वाटलं किती काळजी घेतात. पुढे वर्षभराने मुलाने सांगितलं की त्यातल्या दोन मशिनांवरचं कापड कधी निघालंच नाही, त्या बंद होत्या. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, कॉलेज सजलेलं असताना जाऊ नका. आणि कापड दिसलं तर उचलून बघा.

दर्यावर्दी, १५ मे, सकाळी ८.०२

कापड उचलून बघा 😂 वॉचमन हाकलून देईल.

रानभाजी, १५ मे, सकाळी ८.१०

मी परवानगी घेऊनच उचलते हो. पुढच्या वेळी फ्रिज घ्यायला जाशील तेव्हा दार न उघडताच घेतोस का?

निवृत्त_मास्तर, १५ मे, दुपारी १.१५

टिप्परवाले, मी तीस वर्षं शिकवलं, आता फोंड्याला घरी आहे. सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

प्रथम दर्यावर्दीचं "डिग्री एकच" हे तपासू. डिग्री गोवा विद्यापीठाचीच, हे खरं. पण स्वायत्त कॉलेज आपला अभ्यासक्रम आणि आपल्या परीक्षा स्वतः ठरवतं. मडगावच्या चौगुले कॉलेजला स्वायत्तता मिळाली ती २०१४ साली. इतर बऱ्याच कॉलेजांत विद्यापीठाचा अभ्यासक्रम चालतो. त्यामुळे डिग्रीवरचा शिक्का तोच असला तरी तीन वर्षं वर्गात काय चालतं ते वेगळं असू शकतं. आपल्या दोन्ही कॉलेजांत हा फरक आहे का, ते पहिलं विचारा.

दुसरं, आता नवीन धोरण आहे. गोव्यात २०२३-२४ पासून पदवी चार वर्षांची झाली. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. ऑनर्समध्ये संशोधन करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: जिऑलॉजी मेजर घेतली तर चौथ्या वर्षाची सोय इथेच आहे का? आणि मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, कुठला मिळतो? माहितीपत्रकात मायनर दहा छापलेले असतात, वेळापत्रकात बसतात तीन. म्हणून माहितीपत्रक नको, गेल्या सेमिस्टरचं वेळापत्रक मागा. ते बहुतेक ठिकाणी नोटीस बोर्डावर लागलेलं असतंच, फोटो काढा.

तिसरं जरा नाजूक. विभागात कायम शिक्षक किती आणि लेक्चर बेसिसवर किती? लेक्चर बेसिसवरची मुलं-मुली खूप मन लावून शिकवतात, मी त्यांच्याबरोबर काम केलंय. त्यांचा दोष काही नाही. पण दर वर्षी नवी माणसं येत असतील तर लॅबमधला एखादा मायक्रोस्कोप कुठे ठेवलाय हेसुद्धा दर वर्षी नव्याने शोधावं लागतं. हा प्रश्न ऑफिसात विचारलात तर आवडणार नाही. नॅकला (कॉलेजं तपासून श्रेणी देणाऱ्या संस्थेला) दिलेला स्वयं-अभ्यास अहवाल कॉलेजला आपल्या वेबसाइटवर ठेवावा लागतो. शेदोनशे पानांचं प्रकरण असतं, पण शिक्षक किती, त्यात पीएच.डी. किती, ग्रंथालयावर खर्च किती, सगळं त्यात असतं. आपली कन्या वाचेल. आणि प्रवेशद्वारापाशी नॅकचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं असतं, त्यावरची श्रेणी सगळे बघतात, तारीख कोणी बघत नाही. ते साधारण पाच वर्षांसाठीच असतं.

आणखी एक, हे विसरू नका. प्रवेश घेताना मूळ मार्कशीट आणि दाखला तपासून परत द्यायचा असतो, ठेवून घेता येत नाही. यूजीसीने २०१८ साली तसं स्पष्ट सांगितलंय. कोणी "राहू द्या आमच्याकडे" म्हटलं तर नम्रपणे परत घ्या.

अबोली_डिचोली, १५ मे, रात्री ९.२०

सरांनी सगळं सांगितलं, पण सर, मुलींचं राहिलं.

काका, मी डिचोलीची, तीन वर्षं मडगावला पेइंग गेस्ट राहून शिकले. कॉलेज बघायला जाल तेव्हा एक काम करा. अर्धा तास तुम्ही बाहेर जाऊन चहा प्या आणि मुलीला एकटीला आत सोडा. वडील शेजारी उभे असले की कुठलीच मुलगी दुसऱ्या मुलीला खरं सांगत नाही, "छान आहे" एवढंच म्हणते. तिला लेडीज रूम बघू दे. तिथलं बाथरूम बघू दे. पाणी दुपारी तीनला येतं का ते बघू दे, कारण सकाळी सगळीकडेच येतं. प्रॅक्टिकल संपवून संध्याकाळी स्टँडवर पोचायला किती वाजतात, तेव्हा रस्त्यावर दिवे असतात का, हे तिथल्याच मुलींना विचारायचं. हॉस्टेल असेल तर गेट किती वाजता बंद होतं, आणि चवथीला (गणपतीला) घरी जाताना हॉस्टेलवाल्या मुली तिकीट कसं काढतात तेसुद्धा.

माझ्या वेळी बाबा सगळीकडे माझ्याबरोबर फिरले. मला काहीही कळलं नाही. बाबांना मात्र कँटीनमधली मिक्स भाजी खूप आवडली.

चोडणकर, १५ मे, रात्री ९.३१

मिक्स भाजी हा निकष धरला तर मी एम.ए.पर्यंत शिकलो असतो.

रानभाजी, १५ मे, रात्री ९.४५

हसू नका, कँटीन हे बघण्याचं ठिकाण आहेच. पहिल्या लेक्चरची वेळ झाली तरी सगळं कॉलेज कँटीनमध्ये बसलेलं असेल तर समजून घ्यायचं.

दर्यावर्दी, १५ मे, रात्री ९.५०

@रानभाजी, मग आमच्या कॉलेजात लेक्चर कँटीनमध्येच भरवायला हवी होती.

बांदेकर_बांद्याचा, १६ मे, सकाळी ११.००

मी सीमेपलीकडचा, पत्रादेवीवरून रोज ये-जा केलेला. आमच्या बाजूची कितीतरी मुलं गोव्यात शिकतात. @टिप्परवाला, मुलगी जिऑलॉजी घेणार असेल तर पणजीला जाल त्या दिवशी तासभर काढून ताळगावच्या पठारावर विद्यापीठातही एक फेरी मारा. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. करायची झाली तर तिला तिथेच यायचंय, पृथ्वी, सागर आणि वातावरण यांचा तिथे वेगळा विभागच आहे. विद्यापीठ १९८५ चं. त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. इमारती एकमेकींपासून लांब लांब, मधे मोकळं पठार आणि वारा. पावसात छत्रीचा काही उपयोग नाही, रेनकोटच लागतो. जवळच दोनापावलाला राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था, १९६६ पासूनची. समुद्राच्या तळातले दगड अभ्यासणारी माणसं तिथे आहेत. पोरीला एवढं दिसलं तरी पुरे की दगड म्हणजे फक्त खाण नव्हे.

टिप्परवाला, १९ मे, रात्री ९.००

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो आणि फजिती करून आलो. मला वाटलं ट्रक रिकामा आहे तर रविवारीच जाऊ. पणजीकडच्या कॉलेजात पोचलो तर गेट अर्धं बंद. वॉचमन म्हणाला, "आयज आयतार गे बाय, फाल्यां यो." पोरगी माझ्याकडे असं बघत होती की विचारू नका. गेटमधून एक पिंपळ आणि दोन कुत्री दिसली. परत आलो. चोडणकर, तुमचं वाक्य वाचून गेलो असतो तर बरं झालं असतं, पण मी ते परत आल्यावर वाचलं.

चोडणकर, १९ मे, रात्री ९.१५

पिंपळाला पूर्ण मार्क.

निवृत्त_मास्तर, १९ मे, रात्री ९.४०

हरकत नाही. आता मे महिना, सुट्टी, मुलं नसणारच. ऑफिस चालू असतं, पण ऑफिस म्हणजे कॉलेज नव्हे. घाई नसेल तर वरच्या वर्गांची मुलं यायला लागल्यावर जूनमध्ये जा. जाण्यापूर्वी कॉलेजात फोन करून थेट विभाग मागा, "जिऑलॉजीच्या सरांशी किंवा मॅडमशी बोलायचं आहे" म्हणा. पुढे पालकाने नव्हे, मुलीने बोलावं. ती काय बोलली यापेक्षा पलीकडून कसं बोलले ते ऐकून घ्या.

टिप्परवाला, १८ जून, रात्री ११.३०

मंडळी, उशीर झाला पण लिहायचं कबूल केलं होतं. दोन्ही बघून आलो, वेगवेगळ्या दिवशी, दोन्ही वेळा बसने आणि दोन्ही वेळा पावसात.

पणजीकडचं आधी. होंड्याहून साखळी, डिचोली करत पणजीचा कदंब स्टँड, तिथून दुसरी बस. जाताना उभंच राहावं लागलं, डिचोलीला जागा मिळाली. कॉलेज चांगलं वाटलं, माणसं नीट बोलली. अबोलीताईंनी सांगितल्याप्रमाणे मी बाहेर गेलो आणि चहा-बन्स खाऊन आलो. परत आलो तर पोरीच्या वहीत पान भरून लिहिलेलं, मला दाखवलं नाही. मी मनात ठरवून टाकलं होतं की हेच. बस सरळ आहे, पास निघेल, संध्याकाळी घरी.

मडगावकडचं नुसतं बघून यायचं म्हणून गेलो. होंड्याहून उसगाव, फोंडा, मग बोरीचा पूल ओलांडून मडगाव. फोंड्याला बस बदलली तेव्हा माझा मूड गेला होता. दोन तास धरा, आणि हे रोज. गेटपाशी पोचेपर्यंत मी "नाही" म्हणून टाकलं होतं.

विभागात एक तिसऱ्या वर्षाची मुलगी बसली होती, मॅडम मीटिंगला गेलेल्या. तिने लाकडी ट्रे काढला, त्यात कप्पे, प्रत्येक कप्प्यात दगड, खाली आकडा. नाव नाही, फक्त आकडा. तिने माझ्या पोरीला पांढरी, खरखरीत, न चकाकणारी चिनी मातीची फरशी दिली, हाताच्या पंजापेक्षा लहान. म्हणाली, "हा काळा दगड घे आणि घास." पोरीने घासला. दगड काळाकुळकुळीत, पण फरशीवर रेघ उमटली ती लालसर तपकिरी. मग तिने दुसरा काळा दगड दिला, दिसायला तसाच. त्याची रेघ काळी. पहिला हेमॅटाइट, दुसरा मॅग्नेटाइट. दगडाचा रंग फसवतो, भुकटीचा रंग फसवत नाही, म्हणून भुकटी बघायची, असं ती म्हणाली. मी तीसएक वर्षं हा काळा दगड ट्रकमध्ये भरला. त्याच्या पोटात लाल आहे हे मला माहीत होतं, कारण रस्ते लाल, घरं लाल, केळीची पानं लाल. पण ते असं घासून बघतात हे माहीत नव्हतं.

तिने फील्डवर्कच्या वह्याही दाखवल्या. एका मुलाच्या वहीत पिसुर्ल्याच्या बाजूचा नकाशा होता. पोरीने विचारलं, "हे तुम्ही तिथे जाऊन काढलंत?" ती म्हणाली, जाऊनच काढायचा असतो. रानभाजीताई, कापड घातलेला एक मायक्रोस्कोप होता. मी विचारलं. तिने कापड काढलं, दिवा लावला, आणि मला त्यातून बघायला लावलं. घासून घासून कागदाइतका पातळ केलेला दगड, काचेवर चिकटवलेला, आणि तबकडी फिरवली की रंग बदलतात. मला चष्मा काढावा लागला.

मास्तर, मी वेळापत्रकाचा फोटो काढलाय, नॅकची तारीख बघितली आणि चौथ्या वर्षाचं मॅडमना विचारलं, पोरीनेच विचारलं. मूळ कागद मागितले नाहीत.

परत येताना फोंड्याला बसची वाट बघत तासभर उभे होतो. पोरगी बोलली नाही, मीही बोललो नाही. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, पणजीचं बसने बरं आहे." मी म्हटलं, मी तुला बसबद्दल विचारलं का? आता मडगावला पेइंग गेस्ट बघतोय. अबोलीताई, तुमचं ठिकाण अजून चालू आहे का, मेसेज करा.

घरी आल्यावर पोरीने मागे पडलेली बाथरूमची फुटकी टाइल शोधून काढली, उलटी केली आणि अंगणातल्या टिप्परमध्ये पडलेला एक खडा आणून पाठीवर घासला. लाल रेघ. तिच्या आईला दाखवायला नेली. आई म्हणाली, "ही रेघ मी वीस वर्षं ह्यांच्या शर्टांवर धुतेय." पण टाइल तिने खिडकीत ठेवलीय, टाकलेली नाही.

अबोली_डिचोली, १८ जून, रात्री ११.५८

काका, मेसेज केलाय. मालकीणबाई अजून आहेत. जेवणात मासे आठवड्यातून चार दिवस, पण भातात मीठ कमी असतं, तेवढं घरून लोणचं पाठवा.

दर्यावर्दी, १९ जून, सकाळी ७.५५

काका, ती वही. पोरीने पणजीच्या कॉलेजबद्दल काय लिहिलं होतं?

टिप्परवाला, १९ जून, दुपारी २.१०

नाही दाखवली. विचारलं तर म्हणते, तुम्ही चहा पीत होतात ना, प्या.

चोडणकर, १९ जून, दुपारी २.३०

@टिप्परवाला, शनिवारी-रविवारी घरी येताना फोंड्याहून होंड्याला शेवटची बस किती वाजता ते आधी बघून ठेवा. पावसात तिच्या भरवशावर राहू नका.